आत्याच्या ब्लेडचा सूर

माझ्या आत्याचं ठाम मत आहे की देवाने हे जग घाईघाईत केलं आणि मुख्य म्हणजे गुण्या न लावता केलं. त्यामुळे डोंगर तिरके झाले, नद्या वाकड्या झाल्या, आणि माणसांचं तर विचारूच नका. जगात खरोखर काटकोनात असलेली एकच गोष्ट तिला मान्य आहे, ती म्हणजे वडशाच्या तिच्या टिनाच्या शेडमध्ये, तिच्या मशीनवर, तिच्या नजरेखाली कापला गेलेला लोखंडाचा तुकडा. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या तिच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, कायम खोचलेला असतो. कुणाकडे गेल्यावर इतर बायका पडदे बघतात, भांडी बघतात. आत्या दाराच्या चौकटीला गुण्या लावते आणि मग आत यायचं की नाही ते ठरवते. माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना भटजींच्या आवाजावर मात करत तिचा आवाज आला, "अंतरपाट उजवीकडून जरासा वर घ्या नं बापा, खाली गेला!" अंतरपाट धरणाऱ्या माझ्या दोन्ही मामांनी दचकून तो दोन्हीकडून वर घेतला, आणि मुहूर्त लागायच्या आधीच मला आणि माझ्या बायकोला एकमेकांचं गुडघ्यापर्यंत दर्शन झालं. आत्याला त्याचं काही नव्हतं. अंतरपाट समपातळीत आला होता.

तिच्याकडे आहे तो धातू कापायचा बँडसॉ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन मोठी चाकं, त्यांच्यावरून पट्ट्यासारखी फिरणारी, एका कडेला दात असलेली पोलादी ब्लेड, आणि खाली लोखंड आवळून धरायला शिकंजा. मशीन सुरू केलं की ब्लेड सावकाश खाली उतरत, कापत जाते आणि वरून दुधासारखं पांढरं तेलपाणी गळत राहतं. राइस मिलचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चॅनल, नाटक कंपन्यांच्या रंगमंचाचे पाइप, असं वडशातलं बरंच लोखंड आत्याच्या हाताखालून गेलेलं आहे. मशीन आणलं होतं आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून. आतोबा फार प्रेमळ आणि फार घाईचा माणूस. जेवताना ते दुसरा घास पहिल्याच्या पाठीवर बसवत. मशीनही तसंच चालवत. ब्लेड आणली की चढवली, चढवली की दाबली. ब्लेडी भराभर मरत. आत्या तेव्हा फक्त दुपारचा डबा घेऊन शेडमध्ये येई. एक दिवस तिने डबा खाली ठेवला आणि विचारलं, "नवी सून घरात आली का तिले पहिल्याच दिवशी गावजेवनाचा सैपाक सांगता का तुमी?"

आतोबा गोंधळले. "नाई."

"मंग नव्या ब्लेडले पहिल्याच दिवशी एवढं काऊन दाबून राह्यले? तिचे दात कोवळे आहेत अजून. सवय होऊ द्या नं तिले."

बायकोचं मन राखायचं म्हणून आतोबांनी पुढची ब्लेड सुरुवातीला हळू आणि हलक्या दाबाने चालवली, आणि ती इतकी टिकली की शेवटी तेच तिला कंटाळले. त्यानंतर डबा आणायचं काम देवाजीकडे गेलं आणि आत्या मशीनवर उभी राहिली. देवाजी हा दुकानातला जुना माणूस, आत्याच्याच वयाचा, बोलायला कमी आणि ऐकून घ्यायला अमर्याद. आतोबा पुढे गेले तेही घाईनेच; सकाळचा चहा घेतला आणि दुपारी नव्हते. लोकांना वाटलं, बाई आता मशीन विकेल. तेरावं झालं आणि बाईने शेड उघडलं, ब्लेडवरची धूळ पुसली आणि देवाजीला म्हणाली, "गाइड ढिले झाले असतीन. पाना आना."

तेव्हापासून त्या मशीनची जी सेवा चालते तेवढी मोठमोठ्या देवळांतही होत नसेल. संध्याकाळी काम संपलं की आत्या हँडल फिरवून ब्लेड सैल करते. "दिवसभर ताणून राह्यली बिचारी. रात्री तरी अंग मोकळं करू द्या." सकाळी आल्यावर चाकांवरचा कीस झाडायचा, ब्लेडच्या दातांत अडकलेला कीस काढणाऱ्या तारेच्या ब्रशकडे डोळे बारीक करून बघायचं, ब्लेडला दोन्हीकडून सरळ धरून ठेवणारी गाइडची बेअरिंगं बोटाने फिरवून पाहायची, तेलपाण्यात बोट बुडवून नाकाशी न्यायचं. मग हँडल आवळत जायचं आणि मधेमधे बंद मशीनच्या उघड्या ब्लेडला नखाने टिचकी मारायची. ताण कमी असला की ब्लेड ओल्या कपड्यासारखी थप्प वाजते. बरोबर ताण बसला की एक स्वच्छ, लांबत जाणारा आवाज येतो. तो आला की आत्या क्षणभर डोळे मिटते. देवाजी म्हणतो, पूजेतही बाई एवढा वेळ डोळे मिटत नाही. दुकानात कोणी गिऱ्हाईक फार कुरकुर करायला लागलं तर ती त्याला शांतपणे सांगते, "इथी टेन्शन फक्त ब्लेडले राह्यते, भाऊ. मानसाले नाई."

कापून पडलेला कीस ती नाडी बघावी तसा बघते. शेवईसारखा गुंडाळलेला कीस आला की ब्लेड खूश. निळसर झाला की समजायचं, जास्त दाबली, भाजली. आणि नुसती भुकटी पडली की ब्लेड कापत नाही, वरवर घासते आहे. मी चंद्रपूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि अधूनमधून लिहितो. छापून आलेली माझी एक कथा मी तिला मोठ्या हौसेने वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून ऐकत बसली आणि मग म्हणाली, "चांगली आहे. पन भुकटी पडून राह्यली, बाबू. जरासा दाब नं." माझ्या लेखनावर याहून नेमकी समीक्षा अजून कुणी केलेली नाही. पातळ पाइपाला बारीक दातांची ब्लेड आणि जाड गजाला मोठ्या दातांची, हा तिचा दुसरा नियम. एका वेळी निदान तीन दात तरी लोखंडात रुतलेले पाहिजेत, नाहीतर एकट्यादुकट्या दातावर सगळा भार येऊन तो मोडतो. हा नियम फक्त लोखंडापुरता आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. माझ्या चुलतभावाने लग्नानंतर पुण्याला वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा आत्या उसासा टाकून म्हणाली, "दोनच दात. कसं होईन?" पुढे त्याला मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले, आत्या म्हणाली, "झाले तीन. आता नाई मोडत."

तिची खरी कला म्हणजे ब्लेडची घडी. नवी ब्लेड गुंडाळलेली येते, आणि काढून ठेवायची जुनीही गुंडाळूनच ठेवावी लागते. आत्या हातमोजे घालते, पदर कमरेला घट्ट खोचते, उंचच उंच ते पोलादी कडं समोर धरते, खालची कड पायाने दाबते, मनगटाला एक झोका देते, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्या कड्याची तीन लहान वेटोळी होऊन निमूटपणे तिच्या हातात येतात. मी एकदा हट्टाने करून पाहिलं. ब्लेड माझ्याभोवती अशी काही उलगडली की चक्रव्यूहातल्या अभिमन्यूला जे वाटलं असेल त्याची मला स्वच्छ कल्पना आली. "हालू नको," आत्या म्हणाली. "श्वास घे, पन थोडा घे." मग तिने आणि देवाजीने मला त्यातून सोडवलं. मेलेल्या ब्लेडींची वेटोळी शेडच्या मागच्या भिंतीवर टांगलेली असतात आणि आत्याला प्रत्येकीचं मरण पाठ आहे. "ही जोडातून गेली. ही देवाजीच्या घाईनं गेली. अन् ही," इथे तिचा आवाज खाली येतो, "ही म्हातारी होऊन गेली." हा शेवटचा मृत्यू तिच्या दृष्टीने सर्वात मानाचा.

गिऱ्हाइकांशी ती त्यांच्या गाडीच्या आकारावरून वागत नाही. मोहर्लीच्या, वाघांच्या जंगलाशेजारच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर मोठ्या गेटसाठी पाइप कापून घ्यायला आला होता. गॉगल कपाळावर, हातात दोन फोन. त्याच दिवशी आत्याने नवी ब्लेड चढवली होती, आणि शिवाय आधी भामरागडच्या दोन माणसांचे पाइप कापायचे होते. पावसाळा तोंडावर आला होता आणि पुलावर पाणी चढलं की तिकडची वाट बंद होणार होती. मॅनेजर घड्याळ दाखवायला लागला. आत्याने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, वर पंखाही लावून दिला. "तिकडची वाट बंद होते, भाऊ. तुमचं गेट एक दिवस उशिरा लागलं तर तुमचा वाघ काई म्हनत नाई." भामरागडची माणसं आपले पाइप ट्रकवर चढवून निघून गेली. मॅनेजर दुपारपर्यंत बसून राहिला, आणि जाताना त्याने आपल्या पाइपाच्या तोंडाला स्वतः गुण्या लावून पाहिला, असं देवाजी शपथेवर सांगतो.

अशा या आत्याच्या शेजारी पेटीमास्तर राहायला आले. वडशात हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचा हंगाम असतो. दिवाळी संपली की कंपन्या गावोगाव निघतात. मास्तर त्यातल्याच एका कंपनीत पेटी वाजवायचे. वय आत्यापेक्षा थोडं जास्त, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, अंगाने काठीसारखे, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. नाटकांत जन्म गेल्यामुळे ते रागावलेले नसले की रंगमंचावरचं बोलत आणि रागावले की घरचं. पहिल्याच आठवड्यात ते शेडच्या दारात उभे राहिले. "बाईसाहेब, क्षमा असावी. प्रातःकाळी आपण एक सूर लावता आणि मी दुसरा. मधल्या मधे माझ्या कर्णेंद्रियांचे भरीत होते."

"मास्तर, माही ब्लेड लोखंड कापते," आत्या म्हणाली, "नाट्यगीत नाई म्हनत."

"म्हनत नाई कसं? चांगली काळी दोन म्हनते! अन् मी काळी एकवर बसतो!"

पुष्कळ वाद झाला. आत्याचं म्हणणं, ब्लेड जिथे कापते तिथेच वाजणार. मास्तरांचं म्हणणं, माणूस जिथे गातो तिथेच पेटी वाजणार. शेवटी मास्तरांनीच माघार घेतली आणि सकाळचा रियाज काळी दोनमध्ये, म्हणजे ब्लेडच्याच पट्टीत, करायला सुरुवात केली. गल्लीतल्या लोकांना रोज सकाळी आधी एक टिचकी ऐकू येई आणि लगेच पेटी सुरू होई. मास्तर दौऱ्यावर गेले की आत्या म्हणायची, "बरं आहे, शांतता आहे," आणि देवाजीला दिवसातून पुष्कळदा विचारायची की कंपनीची गाडी कधी येणार आहे.

ही अशी घडी छान बसलेली असताना, परवापरवाच्या एका पावसाळ्यानंतर, राइस मिलवाल्यांनी एक शाफ्ट परत पाठवला. कापलेलं तोंड तिरकं होतं. आत्याच्या दुकानातून गेलेला माल परत आला, ही बातमी वडशात पंचायतीच्या निकालासारखी पसरली. आत्याने शाफ्टला गुण्या लावला, उजेडात धरला. फट दिसत होती. तिने शाफ्ट भिंतीशी ठेवला आणि मशीन खोलायला घेतलं. गाइडची बेअरिंगं बदलली. गाइडची बाही कामाच्या जवळ सरकवली. चाकांवर ब्लेड मागेपुढे सरकते का ते पाहिलं. शिकंजा साफ केला. देवाजीवर संशय घेतला, लोखंडावर घेतला, तेलपाण्यावर घेतला. नवी ब्लेड लावली. तरी काप पाहावा तर किंचित वाकडा, केस शिरेल एवढा, पण वाकडा.

दिवाळीच्या सुट्टीत मी वडशाला जायच्या आधी देवाजीचा फोन आला. एरवी तो फोनवर हाव आणि नाई यांपलीकडे जात नाही. "दादा," तो म्हणाला, "मशीनीत काई नाई. बाईंले आईकू येऊन नाई राह्यलं. ब्लेड ढिली राहून राह्यली. मी गुपचूप आवळतो, तं बाई म्हनते हँडल कोनं हालवलं, अन् पुन्हा सैल करते. आता तुमीच सांगा तिले."

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पहिल्या दिवशी चहा पिताना मी विषय काढला, "आत्या, नागपूरला चांगले डॉक्टर आहेत, एकदा दाखवून येऊ." तिने माझ्या ओठांकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ नं. संत्र्याचा मोसम येऊ दे." मला त्यापुढे जाता येईना. माणसाला वय झालं म्हणून सांगता येतं, हट्टी म्हणून सांगता येतं. पण ज्या कानावर त्याने जन्म उभा केला तोच गेला, हे चहाच्या कपावरून कसं सांगायचं?

शेवटी ते ब्लेडनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक जाड गज कापायला लावला होता. आत्या स्विचपाशी उभी, देवाजी पलीकडे तेलपाण्याची नळी सरळ करत होता, मी दाराशी. काप निम्म्यावर आला आणि ब्लेड कुरकुरायला लागली. मग तो आवाज वाढून कानात सुई घातल्यासारखा झाला. ब्लेड वाकडी चालली होती. देवाजी ओरडला, "बाई, बंद करा!" मी ओरडलो. आत्या शांतपणे गजाकडे बघत उभी. मी धावलो, पण त्याआधीच फटाका फुटावा तसा आवाज झाला, ब्लेड चाकावरून उतरली, तुटली, आणि तिचं एक टोक बाहेर येऊन देवाजीच्या शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उभी फाडून गेलं. आत्याने मशीन बंद केलं. देवाजीने फाटकी बाही बाजूला करून हात पाहिला. ओरखडाही नव्हता.

"जुनाच होता शर्ट," तो म्हणाला.

आत्या त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने विचारलं, "तुमी ओरडले का?"

देवाजीने होकारार्थी मान डोलावली.

"अन् ब्लेड? ब्लेड ओरडली का?"

त्याने पुन्हा मान डोलावली. आत्या स्टुलावर बसली. त्या दिवशी कीस झाडला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडं होतं, मशीन तसंच पडलेलं होतं, आणि आम्ही तिघं चहाचे कप हातात घेऊन एकमेकांकडे न बघता बसलो होतो. तेवढ्यात मास्तर आले. कंपनीचा पहिला प्रयोग आटोपून गाडी नुकतीच पोचली होती. मफलर, तांबारलेले डोळे, काखेत पिशवी. दारातून ते म्हणाले, "बाईसाहेब, आज आपली वीणा अबोल का बरे?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमी आता का म्हनले ते मले नाई आईकू आलं. काल ब्लेड ओरडली तेही नाई आलं. लय दिवस झाले. मी टिचकी मारून राह्यली अन् अंदाजानं हँडल फिरवून राह्यली. देवाजीचा हात जात होता काल."

माझ्याजवळ जे बोलता येईना, ते ती एका दमात बोलून मोकळी झाली. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. त्यांची रंगमंचावरची भाषा कुठल्या कुठे गेली. "मले माहीत आहे, बाई."

"का म्हनले?"

"मले माहीत होतं!" मास्तर जोराने म्हणाले. "पावसाळ्यापासून उतरून राह्यली तुमची ब्लेड! काळी दोनवरून पांढरी एकच्या खाली गेली!"

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं नं!" मास्तर आता खरोखरच रागावले. "दोन दोन डाव इथी येऊन सांगितलं! तुमाले आईकू नाई आलं!"

मग देवाजीच्या तोंडातून चहा उडाला. तो हसायला लागला, फाटक्या बाहीने तोंड दाबून हसायला लागला, मग मी, आणि मग आत्या, जिला नेमकं काय म्हटलं ते पुरतं कळलं नव्हतं पण आमच्या चेहऱ्यांवरून सगळं कळलं होतं, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या पाण्यात हसणं किती आणि दुसरं काही किती, ते मी पाहायला गेलो नाही.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते खोलीवर गेले आणि पेटी घेऊन आले. तेलकट फळकुटावर आधी स्वतःचा मफलर अंथरला, त्यावर पेटी ठेवली, आणि आत्याला खूण केली: लावा ब्लेड. आत्याने उठून हातमोजे घातले. नवी ब्लेड चढली, गाइडमध्ये बसली. मास्तरांनी भाता मारून काळी दोन धरली आणि एक बोट वर केलं. आत्या हँडल आवळायची, टिचकी मारायची आणि त्यांच्या बोटाकडे बघायची. बोट हलायचं: वर, वर, आणखी थोडं. एकदा ते झटकन खाली आलं, म्हणजे जास्त झालं. पुन्हा सैल, पुन्हा वर. शेवटी मास्तरांनी बोट थांबवलं, पेटीही थांबवली, आणि टिचकीचा तो एकटा आवाज शेडमध्ये लांबत गेला. त्यांनी डोळे मिटले. आत्या त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती स्वतः तेच करत आली होती. दुसऱ्या कुणाला करताना तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मग सुनेला सवय करावी तसे पहिले काप हळू झाले. कीस शेवईसारखा आला. परत आलेल्या शाफ्टाचा वाकडा भाग नवीन कापून सरळ केला, आत्याने गुण्या लावला, उजेडात धरला, आणि शाफ्ट आधी मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांना त्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मानेने दाद दिली.

पुढे आम्ही नागपूरला जाऊन कानाचं मशीन आणलं. आत्याने ते घालून ब्लेडला टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं की या मशीनीचे गाइड ढिले आहेत. सगळं डब्यात घातल्यासारखं ऐकू येतं. भाजीवाल्यासाठी आणि माझ्यासाठी ती ते घालते, कामाच्या वेळी काढून ठेवते. ताण मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र मिळतं, तेही मी घेऊन देतो म्हणालो. ती म्हणाली, "मास्तर आहेत नं." मास्तरांच्या कंपनीत आता एक तरुण मुलगा कीबोर्ड वाजवतो, त्यात तबलाही वाजतो आणि पाऊसही पडतो. त्यामुळे मास्तर हिवाळ्यातही वडशातच असतात आणि रोज सकाळी शेडमध्ये पेटी घेऊन बसतात. मधल्या वेळात त्यांना कीस ओळखता यायला लागला आहे आणि आत्याने त्यांच्या पेटीच्या भात्याला गुण्या लावून पाहिला आहे. गावात लोक बोलायचं ते बोलतात. आत्याला ते ऐकू येत नाही आणि मास्तरांना त्यात सूर सापडत नाही. लोखंड मात्र पुन्हा काटकोनात कापलं जातं.

गेल्या वेळी मी गेलो होतो तेव्हा मास्तर बाजारात गेले होते. आत्या मशीन पुसत होती. एकाएकी थांबून तिने ब्लेडला टिचकी मारली आणि कानाचं मशीन कनवटीतून काढून घालत मला विचारलं, "कसा येते रे आता तिचा आवाज?"

"चांगला येतो. काळी दोन," मी म्हणालो.

"ते मास्तरही सांगते. ते नाव झालं. आवाज कसा येते?"

मी मराठीचा मास्तर. मी शब्द शोधले. टण्ण म्हणालो, झणकार म्हणालो, देवळातल्या घंटेची शेवटची कंपनं म्हणालो. ती माझ्या ओठांकडे बघून प्रत्येक शब्दाला मान हलवत राहिली. नाई. नाई. तसा नाई.

"तुमचे आतोबा होते नं," ती म्हणाली, "ते घरी येताना कोपऱ्यावरून सायकलची घंटी वाजवत. एकडावच. सगळ्या गोष्टीची घाई त्यांले, पन घंटी एकडावच. तेवढ्यात मी दार उघडून ठेवत होती." तिने ब्लेडवर हात सपाट ठेवला, जणू अजून काही हलत असेल तर ते हाताला लागेल. "तसा येते का रे?"

मी पुन्हा टिचकी मारली आणि ऐकलं. मग तिला नीट दिसेल अशा बेताने, सावकाश म्हणालो, "हाव. तसाच येते."

"मंग बरोबर आहे," आत्या म्हणाली, आणि कानाचं मशीन काढून तिने पुन्हा कनवटीला खोचलं.